हिवाळ्यात हिरवी झालेली लॉन

"दादा, लॉन आत्ताच हिरवी व्हायला लागलीय. तेवढं मधलं तण मारून द्या," काकू फोनवर म्हणाल्या आणि मला शंका आली. ऐन थंडीत बर्म्युडा, म्हणजे त्यांच्या लॉनचं गवत, हिरवी होत नसते, ती वाळकी पडून सुप्तावस्थेत असते.

गेलो तर हिरवं होतं ते सगळं तणच. पोआ अॅन्युआ या गवतवर्गीय तणाचे फिकट पोपटी झुबके, काहींवर पांढरट तुरेही आलेले. हे गवत मशीनने कितीही खाली कापा, ते त्या उंचीवरही तुरा काढतं. गळक्या नळाजवळ चिकवीड नावाचं दुसरं तण पसरलं होतं. त्याच्या देठावर एकाच बाजूने बारीक केसांची रेघ असते, ती दिसली की ओळख पक्की.

काकूंच्या मुलाने ग्लायफोसेट, म्हणजे हिरवं दिसेल ते मारणारं तणनाशक, आणून ठेवलं होतं. "गवत झोपलंय, मग फवारायला काय हरकत?" त्याचं अगदीच चूक नव्हतं, बर्म्युडा पूर्ण सुप्त असेल तर तसं करतातही. मी भिंतीकडच्या उबेच्या बाजूला बसलो आणि वाळकी पाती बोटांनी बाजूला केली. बुडाशी हिरवी पाती होती. त्यावर औषध पडलं असतं तर तणाबरोबर लॉनही गेली असती. त्याने स्वतः वाकून पाहिलं आणि बाटली आत नेऊन ठेवली.

मग खुरपं घेतलं. ओल्या मातीतून पोआ मुळासकट सहज निघतं. तुरे आलेले झुबके आधी काढले आणि थेट पोत्यात भरले. कंपोस्टात टाकले तर बी पुन्हा बागेत येतं. चिकवीडही हातानेच काढलं. कामाला वेळ लागला, पण पसारा एवढाच असताना फवारा मारणं मला पटत नाही.

काकूंना वाटत होतं, हे तण थंडीत आलं. खरं तर ते शरद ऋतूतच उगवलेलं असतं, जमीन साधारण २१ अंश सेल्सिअसखाली उतरू लागते तेव्हा. पेंडिमिथॅलिनसारखं उगवणीपूर्वीचं तणनाशक त्याच्या आधी टाकून वर पाणी द्यावं लागतं. उगवलेल्या रोपाला ते काही करत नाही. शिवाय त्या काळात नवं गवत पेरायचं असेल तर ते टाकायचंच नाही, पेरलेलं बीसुद्धा अडतं.

निघण्याआधी नळाचा वॉशर बदलला. सुप्त लॉनला एवढं पाणी लागत नाही आणि पोआला ओलसर, दबलेली माती फार मानवते.