तेरचं लामतुरे संग्रहालय: काय पाहावं, कोणत्या क्रमानं आणि सोबत काय न्यावं

धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे तेरणा नदीकाठचं गाव. बहुतेक लोक इथे संत गोरोबाकाकांच्या समाधीला येतात, जाता जाता संग्रहालयात डोकावतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. मोठ्या दगडी मूर्ती बघण्याच्या अपेक्षेनं गेलं की असंच होतं. इथला ऐवज बोटाच्या पेरात मावणारा आहे: मणी, नाणी, मातीची मुंडकी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. त्यासाठी भिंग आणि निदान अडीच तास हवेत.

हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं म्हटलं आहे. तिथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचं, असंही त्यात आहे. तगर म्हणजे जुन्नर, की देवगिरी, की आणखी कुठलं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. 1901 मध्ये शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर अशी ओळख पटवली. कोकण-कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. ते या गावावर हक्क सांगत होते, हे बऱ्याच कोकणवासीयांना ठाऊक नसतं.

कसं जायचं

धाराशिव बसस्थानकावरून तेरला एसटी मिळते, पाऊण ते एक तासाचा रस्ता. बार्शी–लातूर रस्त्यानं येणाऱ्यांना ढोकीहून तेरकडे वळता येतं. एसटीनं जात असाल तर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वाहकालाच विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ, पण डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. दालनात दोन वर्ग एकदम शिरले की काचपेटीपाशी उभं राहणं अवघड होतं. अशा वेळी सरळ बाहेर पडून देवळं उरकावीत आणि तासाभरानं परत यावं. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते. त्या दिवसांत गावात गाडी नेण्याचं मनातही आणू नका, वर ऊन चाळिशीच्या घरात असतं ते वेगळंच. राज्य शासनाच्या संग्रहालयांचा शिरस्ता सोमवारी सुट्टीचा असतो, सार्वजनिक सुट्ट्यांचं निघण्याआधी विचारून घ्यावं.

आधी त्रिविक्रम

संग्रहालयात थेट जाऊ नका. सकाळी पहिल्यांदा त्रिविक्रम मंदिर पाहा, उजेड तिरका असताना. समोरून ते साधं देऊळ वाटतं, कारण पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे. बाजूनं वळसा घालून मागे जा. मागची भिंत सरळ नसून अर्धगोल आहे आणि वरचं छप्पर गाडीच्या तट्ट्यासारखं कमानदार. ही गजपृष्ठाकार वास्तू. कार्ले-भाज्याला डोंगरात कोरलेला चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, आपण आतून पाहतो, इथे त्याच घाटाची इमारत विटांनी उभी केलेली आणि बाहेरून दिसते. असं आणखी एक ठळक उदाहरण थेट आंध्रात, चेझर्ल्याला आहे. छपराला खरी कमान नाही. विटांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेऊन दोन्ही बाजू वर मिळवल्या आहेत. मुळात हा बौद्ध चैत्य होता की पहिल्यापासून देऊळच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आत आज त्रिविक्रमाची पूजा होते. म्हणून पादत्राणं बाहेर, आणि गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नको.

विटांकडे नीट बघा. तेरच्या जुन्या देवळांतल्या काही विटा पाण्यावर तरंगतात, यासाठी गाव प्रसिद्ध आहे. त्यात जादू काही नाही. मातीत तूस मिसळलं की भट्टीत ते जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. वीट हलकी होते, भिंतीवरचा भार कमी होतो. प्रयोग करून बघायला देवळाची वीट उचकटणारे महाभाग असतात, म्हणून हे लिहायची वेळ येते.

संग्रहालयात

तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर या वस्तू जमवल्या. वीस हजारांच्या वर भरलेला तो संग्रह पुढे शासनाकडे आला आणि संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. एवढं सगळं एका माणसाच्या हाती लागलं त्याला कारण आहे. गावाभोवती पांढरीची टेकाडं होती, म्हणजे जुन्या वस्तीची राख-मातीची रास. मराठवाड्यात माळवदावर घालायला हीच पांढरी माती लागते. लोक गाड्या भरभरून माती नेत, टेकाड खचे, आणि पाऊस पडून गेला की मणी-नाणी वर येत. लामतुऱ्यांनी ती वेचली नसती तर ती घरांच्या छतात गेली असती.

पण त्याची एक किंमत आहे आणि ती डोक्यात ठेवूनच फलक वाचावेत. वरवर वेचलेली वस्तू जमिनीच्या कोणत्या थरातली, म्हणजे किती जुनी, हे माहीत नसतं. फलकावर 'सातवाहन काळ' लिहिलेलं असतं ते पुष्कळदा दुसऱ्या ठिकाणच्या, थर ठाऊक असलेल्या वस्तूशी तुलना करून ठरवलेलं असतं. तेरला 1958 मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, पुढेही ते झालं. एखादी वस्तू उत्खननातली की संग्रहातली, हे फलकावर नसलं तर कर्मचाऱ्यांना जरूर विचारा.

सुरुवात मृण्मय मूर्तींपासून करा. यातल्या पांढऱ्या, गुळगुळीत मूर्ती केओलिनच्या, म्हणजे बारीक पांढऱ्या मातीच्या. त्यांच्याकडे समोरून बघण्याऐवजी काचपेटीच्या कडेला जाऊन बाजूनं बघा. कानामागून खांद्याकडे उतरणारी एक बारीक रेघ दिसेल, कुठे किंचित उंच, कुठे चाकूनं घासलेली. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून तिथे जोडला आहे. काही तुकड्यांत हा जोड उकललेला असतो आणि आतल्या बाजूला कारागिरानं माती दाबलेल्या बोटांचे खळगे दिसतात. मूर्ती पोकळ ठेवण्याचं कारण व्यवहारी: भरीव गोळ्यात ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन तो फुटतो. दुहेरी साच्याचं हे तंत्र रोमन संपर्कातून आलं, असं मानतात. केसांच्या रचनाही बघण्यासारख्या आहेत, बहुतेक फोटो त्यांचेच काढले जातात.

मण्यांपाशी भिंग काढा. स्फटिकाचा मणी आरपार दिसतो, त्यामुळे त्याचं भोक कसं पाडलं तेही दिसतं: दोन्ही टोकांकडून, आणि मध्यावर दोन्ही भोकं जराशी चुकलेली. एकाच बाजूनं भोक पाडत नेलं तर पलीकडे बाहेर पडताना टवका उडतो, म्हणून ही पद्धत. लाल अकीक बराचसा भट्टीत भाजून लाल केलेला असतो, दगडातल्या लोहामुळे रंग चढतो. खापरांत काळी-तांबडी भांडी ओळखायला सोपी. आतून आणि काठाला काळं, खाली तांबडं. भांडं उपडं ठेवून भाजलं की आत हवा पोचत नाही आणि तेवढाच भाग काळा राहतो.

नाण्यांत शिसं आणि पोटीन, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेला धातू, हे दोन्ही भेटतात. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकाच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं, हे उज्जैन चिन्ह. ब्राह्मी अक्षरं नाण्याच्या कडेनं असतात आणि पुष्कळदा अर्धी नाण्याबाहेर गेलेली असतात, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण नाव शोधू नका. शेजारची दोन-तीन एकत्र वाचावीत. शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती धूळ नसते. लाकडी किंवा प्लायवूडच्या पेटीतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिसं खाल्लं जातं. असं दिसलं तर अभिरक्षकांच्या कानावर घाला.

रोमन संबंधांच्या वस्तूंत रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्याची मातीतली नक्कल चुकवू नका. गळ्यात अडकवायला तिला वर कान ठेवलेला असतो. सोन्याचं नाणं परवडत नाही त्यानं मातीचं घातलं! आंध्रातल्या अमरावतीच्या शैलीतले चुनखडकाचे तुकडेही इथे सापडले आहेत. भोवती सगळा काळा पाषाण असताना हा फिकट दगड लगेच वेगळा दिसतो.

हस्तिदंती स्त्रीमूर्तीसाठी वेळ राखून ठेवा. 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईला अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीची हे पक्कं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तसाच तुकडा मिळाला. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती दख्खनमधून गेली असावी असं एक मत आहे. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, ती लिपी मात्र वायव्येकडची. वाद शिल्लक आहे. समोर आहे ती मूळ मूर्ती की प्रतिकृती, हे विचारून घ्या आणि तिच्यावर टॉर्च मारू नका. हस्तिदंताला उष्णता आणि हवेतल्या ओलाव्यातला चढउतार सोसत नाही.

शेवटी उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा, म्हणजे दाराची चौकट. इतकं जुनं लाकूडकाम महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच आहे. ती बघून झाली की उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाकडे जा. आधी रिकामी चौकट बघून नंतर दार बघण्यापेक्षा हा क्रम बरा, कारण देवळाच्या विटांवरचं नक्षीकाम झिजलं आहे आणि तेच आकार लाकडावर स्पष्ट ओळखून घेतलेले असतात.

फोटो आणि सामान

दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, छोटी टॉर्च, वही, पाणी. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढरा शर्ट काचेत उमटतो आणि नाणं दिसतच नाही. फोटोची परवानगी आणि शुल्क आत शिरतानाच विचारा. फ्लॅश नको. टॉर्चची परवानगी मिळाली तर ती काचेला जवळजवळ समांतर धरा, झिजलेल्या नाण्याचा उठाव सावलीमुळे दिसू लागतो. वरून सरळ उजेड टाकला की सगळं सपाट होतं. आधी फलकाचा फोटो, मग वस्तूचा, आणि नोंदणी क्रमांक दिसत असेल तर तो वहीत. घरी गेल्यावर चाळीस मण्यांतला कोणता कोणत्या फलकाखालचा होता हे सांगता येत नाही. वीज गेली तर टॉर्चवर सगळं उरकायचा प्रयत्न न करता थांबावं.

गावाच्या पांढरीवर फिरलात तर खापरं पायाखाली येतील. बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा. खिशात घातलेलं खापर म्हणजे जागेची नोंद गमावलेलं खापर. नाणी-दागिन्यांसारखं काही मौल्यवान सापडलं तर प्रश्न कायद्याचा आहे: 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कोणी 'जुनी नाणी' विकायला आणली तर घेऊ नका. खरी असतील तर भानगड, खोटी असतील तर पैसे गेले.

दुपारी चारनंतर वेळ उरला तर धाराशिव शहराजवळची लेणी त्याच दिवशी होतील असं वाटतं, पण होत नाहीत, तिथे पोचेपर्यंत उजेड जातो. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा.