जीव आधी की रोजगार?

साथीत माणसांचे जीव वाचवायचे की अर्थव्यवस्था सावरायची, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा रोजगाराच्या बाजूने बोलेन अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. तर सरळच सांगतो. लस हाताशी नसते त्या पहिल्या टप्प्यात रोग आटोक्यात ठेवणं हेच अर्थव्यवस्थेसाठीही सगळ्यांत मोठं काम असतं. पुढचं उत्तर मात्र इतकं सोपं नाही.

सरकारने बंदी घातली म्हणून बाजार बसला आणि बंदी उठली की तो पुन्हा उभा राहील, असं हा प्रश्न विचारताना आपण धरून चालतो. कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये डेन्मार्कने कडक निर्बंध लावले, शेजारच्या स्वीडनने बरंचसं चालू ठेवलं. एका मोठ्या बँकेच्या ग्राहकांचे व्यवहार तपासून संशोधकांनी दोन्हीकडच्या खर्चाचा हिशेब मांडला. स्वीडनमध्ये लोकांचा खर्च सुमारे २५ टक्क्यांनी घटला होता आणि डेन्मार्कमध्ये सुमारे २९ टक्क्यांनी. म्हणजे घसरणीचा बहुतेक भाग बंदी नसतानाही झालाच. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. निर्बंधांनी कमी धोका असलेल्या तरुणांचा खर्च आणखी घटवला, पण ज्यांच्या जिवाला जास्त धोका होता त्या वयस्करांच्या खर्चातली घट उलट कमी केली. आसपास रोग कमी असल्याने त्यांची भीड चेपली असावी, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला.

अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सायव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनाही असंच दिसलं. दुकानांकडे येणारी वर्दळ ६० टक्क्यांनी घटली. त्या ६० टक्क्यांतले जेमतेम ७ टक्के सरकारी आदेशांमुळे. बाकीचे लोक आपणहूनच घरात बसले होते. जिवाची धास्ती घेतलेल्या माणसाला कोणतंही सरकार परिपत्रक काढून बाजारात आणू शकत नाही.

ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये वेगळा प्रयोग केला. सोमवार ते बुधवार हॉटेलात बसून जेवलं की माणशी १० पौंडांपर्यंत निम्मं बिल सरकार भरणार. हॉटेलं भरली. या योजनेने संसर्ग पसरायला हातभार लावला, असा निष्कर्ष पुढे वॉरिक विद्यापीठातल्या अभ्यासात निघाला. ५ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये पुन्हा टाळेबंदी आली आणि हॉटेलात बसून जेवणं बंद झालं.

तरीही ‘आधी जीव’ एवढं म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं पटत नाही. कोविडचा धोका सर्वाधिक वृद्धांना होता आणि निर्बंधांचा भार पडला तो रोजंदारीवर जगणाऱ्यांवर, तरुणांवर, मुलांवर. एकाच्या सुरक्षिततेची किंमत दुसरा मोजत होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एप्रिल २०२० मध्येच इशारा दिला होता की असंघटित क्षेत्रातल्या सुमारे १६० कोटी लोकांची उपजीविका धोक्यात आहे. ब्रिटनने काम थांबलेल्या कर्मचाऱ्यांचा ८० टक्के पगार, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकारी तिजोरीतून दिला. जर्मनीत कामाचे तास कमी झाले की बुडालेल्या पगाराचा काही भाग भरून देणारी व्यवस्था आधीपासूनच होती. जिथे असं काहीच नाही तिथे ‘घरी थांबा’ या हुकमाचा अर्थ उपाशी थांबा असाच होतो, आणि तो मोडणाऱ्याला बेजबाबदार म्हणायचा अधिकार मला तरी कोणाला दिसत नाही. टाळेबंदी जाहीर करताना हातात पैसे आणि घरात धान्य पोचवण्याची सोय जाहीर झाली नसेल, तर निर्णय अर्धाच घेतला गेला आहे.

काळ बदलतो तसं उत्तरही बदलतं. ८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झालं. त्याआधी संसर्ग काही महिने पुढे ढकलणं म्हणजे माणसाला लशीपर्यंत जिवंत पोचवणं होतं. लस मुबलक झाल्यावर त्याच निर्बंधातून मिळणारा लाभ आटला, खर्च मात्र तेवढाच राहिला. म्हणून २०२० मधल्या निर्बंधांचं मी समर्थन करतो आणि २०२२ मध्ये शांघायला सुमारे दोन महिने कोंडून ठेवण्याचं करत नाही. यात मला विसंगती वाटत नाही.

शाळांबद्दल मात्र मला आजही राग येतो. एप्रिल २०२० मध्ये जगभरातल्या दीडशे कोटींहून अधिक मुलांच्या शाळा बंद होत्या. सुरुवातीचे काही आठवडे ते समजण्यासारखं होतं. पण कित्येक ठिकाणी हॉटेलं आणि दारूची दुकानं आधी उघडली, वर्ग नंतर. हॉटेल उघडलं की त्या तिमाहीच्या आकड्यांत उठाव दिसतो. तिसरीतल्या मुलाचं वाचन सुटलं तर त्याची नोंद कोणत्याच तिमाहीत होत नाही. ती वीस वर्षांनी त्याच्या कमाईत उतरते.

पुढच्या साथीसाठी आधी काय करावं, असंही लोक विचारतात. आजारपणात घरी थांबणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, ही तरतूद मी सगळ्यात आधी करीन, आणि ती रोजंदारीवरच्या माणसालाही मिळाली पाहिजे. साथ पसरल्यावर त्यासाठी अर्ज मागवत बसलं, तर पैसे मंजूर होईपर्यंत तो माणूस अंगात ताप घेऊन कामावर जाऊन आलेला असतो.