तुम्ही विचारलंत म्हणून: काढ्याचं नाव निघालं की मी गप्प का होतो

व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास बाजूला घेतं. "सर, तुमचे आजोबा एवढे नावाजलेले वैद्य. जुन्या वैद्यांचं तुम्ही तासभर कौतुक केलंत. मग साधा खोकल्याचा काढा विचारला तर गप्प का होता? तुमचा विश्वास आहे की नाही?" वीस-बावीस वर्षं हा प्रश्न या ना त्या शब्दांत ऐकतोय. कधी "नंतर बोलू" म्हणून सुटलो, कधी चिडलो. दोन्ही वागणं बरोबर नव्हतं. आज जे आहे ते सांगतो.

मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. हे दर वेळी सांगावं लागतं, त्याचा मला मनापासून त्रास होतो. परसात अडुळसा आहे, निर्गुडी आहे. गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला गरम करून मीच बांधतो. मेडिकल कॉलेजात तीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं, तिथेही अफूच्या बोंडातून मॉर्फिन कसं आलं, सिंकोनाच्या सालीतून क्विनीन कसं आलं, हे मी पुस्तकात असतं त्याहून जास्त रंगवून सांगायचो. गार्सिया द ओर्तावर मी बोलतो ते उगाच नाही. हा पोर्तुगीज डॉक्टर 1534 साली गोव्यात आला, आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. शिकला स्पेनमधल्या सालामांकाला, पण मालुपा नावाच्या इथल्या वैद्याला त्याने पुस्तकात बोलायला जागा दिली. पटकीच्या रोग्याचं वर्णन करताना इथली माणसं या रोगाला काय म्हणतात तेही लिहिलं: मोर्शी. आपली मोडशी! चारशे साठ वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज पानावर आजीच्या तोंडचा शब्द भेटला तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. तेव्हा अभिमान मला कुणी शिकवू नये.

पण 1994 चा जून महिना मी विसरू शकत नाही.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयाचा जुना त्रास. पायांवर सूज यायची, चार पायऱ्या चढले की दम लागायचा. रोज डिगॉक्सिनची बारीकशी पांढरी गोळी आणि लघवीची एक गोळी चालू होती. पाऊस सुरू झाला आणि खोकला लागला. मी सुट्टीवर गावी आलो होतो. आजोबांचं बाड माळ्यावरून काढलं, मोडी लावत लावत वाचलं आणि खोकल्याचा काढा सापडला: अडुळसा, सुंठ, बेहडा आणि भरपूर ज्येष्ठमध. अण्णांना त्यांच्या दादांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, हातचं औषध आपल्या मुलाने करावं याचा केवढा आनंद! मीच ज्येष्ठमध कुटला, मीच आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवला. सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी. खोकला आठवड्यात उतरला, पण काढा गोड लागायचा, घसा मऊ राहायचा, म्हणून तीन आठवडे चालूच राहिला.

एका सकाळी अण्णा दुधाचा कप हातात धरून आईला म्हणाले, "दुधात हळद घातलीस का गं?" आई म्हणाली, "नाही हो." ते कपाकडे बघत राहिले. मग धोतराचा सोगा डोळ्यांसमोर धरला. "हेही पिवळंच दिसतंय."

मी काय केलं? त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. कावीळ नव्हती. "काही नाही, नजर तपासून घेऊ," म्हणालो आणि आंघोळीला गेलो. त्याच वर्षी फेब्रुवारीत डिगॉक्सिनच्या विषबाधेचा धडा मी वर्गात शिकवला होता. मळमळ, उलट्या, मंद नाडी, पिवळं दिसणं. फळ्यावर खडूने माझ्याच अक्षरात.

दुपारी उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी नाडी मिनिटाला 42, मधूनच चुकणारी. शेजाऱ्यांच्या जीपमधून पावसात तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी पाहिला आणि मला सरळ विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काही चालू आहे?" मी म्हणालो, "नाही."

मी खोटं बोललो नाही. मला खरोखर आठवलं नाही. काढा माझ्या डोक्यात औषधाच्या खान्यात नव्हताच; तो घरातल्या गोष्टींच्या खान्यात होता, लोणच्याशेजारी. रात्री रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम 2.6. एवढं का घसरलं, कुणालाच उलगडेना. मग साडेनऊच्या सुमारास आई डब्याबरोबर थर्मास घेऊन आली आणि म्हणाली, "सकाळचा काढा राहिलाय त्यांचा, तेवढा देऊ का?"

थर्मासचं झाकण उघडल्यावर जो वास आला, तो आजही ज्येष्ठमधाच्या गोळीला येतो. मी ती गोळी घेऊ शकत नाही.

ज्येष्ठमधातला गोड अंश पुष्कळ दिवस पोटात गेला की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून जाऊ देतं. लघवीच्या गोळीनेही पोटॅशियम जातच होतं. पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची नेहमीची मात्राही विषासारखी वागते. हे मला ठाऊक होतं. तिन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या ठाऊक होत्या. डॉक्टरांना बाजूला नेऊन सांगितलं, त्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. पाच दिवसांनी अण्णा घरी आले.

त्यानंतर मी दोनेक वर्षं आजोबांवर रागावलो होतो. मोठमोठ्याने सांगायचो की जुनं सगळं अंदाजपंचे, माणूस बरा झाला तर वैद्याचं नाव आणि गेला तर नशीब. त्या दिवसांतलं माझं बोलणं ज्यांनी ऐकलं असेल, ते आज माझ्यावर चकित होत असतील. त्यांचंही बरोबर आहे.

राग निवळला तो एका जुन्या डॉक्टरमुळेच. डिगॉक्सिन ज्या डिजिटॅलिस वनस्पतींच्या कुळातलं, त्यातल्या फॉक्सग्लोव्हवर इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंगने 1785 साली पुस्तक लिहिलं. 1775 मध्ये त्याच्यापुढे एक घरगुती औषध आलं. श्रॉपशायरमधली एक म्हातारी अंगावरच्या सुजेला ते द्यायची, घटक गुप्त ठेवायची. वीसएक पाल्यांतून गुण कुणाचा, ते त्याने हुडकलं. पण मला धरून ठेवलं ते पुढच्या भागाने. दहा वर्षांतले दीडशेहून जास्त रोगी त्याने नोंदले, उतार पडलेले आणि न पडलेले, दोन्ही. आपण सुरुवातीला मात्रा फार मोठी देत होतो, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं. मात्रा जास्त झाली की काय होतं, त्याचीही यादी दिली: मळमळ, उलट्या, घेरी, वस्तू हिरव्या किंवा पिवळ्या दिसणं, नाडी मिनिटाला 35 पर्यंत उतरणं. अण्णांचा दुधाचा कप त्या पानावर दोनशे नऊ वर्षं आधीच होता.

आपल्याकडे हे भान नव्हतं असं म्हणू नका, मीही आता म्हणत नाही. नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही विष होतं, हे चरकसंहितेत पहिल्याच अध्यायात आहे. गुराखी आणि रानात राहणाऱ्यांना वनस्पतींची नावं-रूपं माहीत असतात, पण तेवढ्याने त्या कशा योजाव्यात ते कळत नाही, हेही तिथेच आहे. विषारी बचनाग शुद्ध केल्याशिवाय आजोबा हात लावत नसत. पण त्यांच्या बाडात रोग आहे, घटक आहेत, तोळे-मासे आहेत, आणि ज्याला लागू पडलं नाही असा एकही माणूस नाही. कदाचित ते सगळं त्यांच्या डोक्यात असेल. सूज असलेल्या माणसाला ते हा काढा देतच नसतील. दिलाच तर नाडी बघून तिसऱ्या दिवशी थांबवत असतील. बाड उरलं, ते डोकं गेलं. आणि मी बाडाला वैद्य समजलो.

2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं आणि आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की त्या रुग्णांनी नेमकं काय घेतलं, ते तपासलेलंच नाही. तेव्हा मला सर्वांत जास्त फोन आले. सगळ्यांना एकच हवं होतं: तुम्ही कोणत्या बाजूचे? मी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही किती घेता, किती दिवस घेता, आणखी काय चालू आहे? बऱ्याच जणांना राग आला. मी आवाज चढवला, तेही चुकलंच.

आणि एक शंका मला आजही सोडत नाही. त्या वेळी अण्णांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढतं ते, हेही 1.8 होतं. मूत्रपिंडं थकली की डिगॉक्सिन एरवीही साचतं. मग काढा नसता तरी हे झालंच असतं का? काही रात्री वाटतं, हो. ते मला खरंच वाटतं की सोयीचं म्हणून वाटतं, सांगता येत नाही.

अण्णांना मी कधीच सांगितलं नाही. आणखी चार वर्षं जगले. दवाखान्यातली गोळी बाधली, असंच ते शेवटपर्यंत सांगत. काढ्याने मात्र खोकला गेला, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. शेवटच्या पावसाळ्यात शेजारचा एकजण वही घेऊन आला. त्याच्या आईचे पाय सुजलेले, आणि खोकला. अण्णा ओटीवर बसून सांगत होते, तो लिहून घेत होता. मी दारात उभा होतो. म्हणालो, "ज्येष्ठमध नका लिहू. सूज असणाऱ्याने तो घेऊ नये."

अण्णांनी वळून पाहिलं. "असं दादांनी कधी सांगितलं नाही," ते म्हणाले, आणि त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि ज्येष्ठमध लिहिला. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईसमोर ती ओळ खोडून आलो. का, ते त्यांनाही सांगितलं नाही.