बगळ्याचा पाय आलाच नाही (माझं पहिलं ब्राँझ)

साचा फोडला तर आतून बगळा निघाला. मान मस्त, चोच मस्त, पंखावर मी मेणात नखाने ओढलेल्या रेघा सुद्धा जशाच्या तशा, आणि पाय नाही. म्हणजे पोटाखाली जेमतेम अर्धा इंच आला होता आणि पुढे गोल गुळगुळीत टोक, मेणबत्तीचा ओघळ मधेच थिजावा तसं. मी नुसती बघत बसले. भट्टीवरचे काका (नात्यातले नाहीत, तिथे सगळेच त्यांना काका म्हणतात) वाकून बघत म्हणाले, "धातू पोचलाच नाही गं तिथवर. पोचायच्या आधीच गोठला." आणि चहा प्यायला गेले. त्यांच्यासाठी रोजचं असेल, माझे तीन महिने गेले होते त्यात.

मी मातीकाम बरीच वर्षं करतेय, पण ओतकाम कधी स्वतः केलं नव्हतं. माती झाली की प्लास्टर आणि तिथेच विषय संपायचा. यावेळी ठरवलं की पहिल्या मातीपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत सगळं आपल्या हाताने करायचं, भट्टी आणि मार्गदर्शन काकांचं, हात माझे. आणि विषय निवडला काय तर एका पायावर उभा असलेला बगळा, ३० सेंटिमीटर उंच, दुसरा पाय पोटाशी दुमडलेला. उभा पाय जेमतेम ६ मिलिमीटर जाड. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पाय वेगळा ओत आणि नंतर जोड. पण मला तो एकसंध हवा होता. का, ते आता विचाराल तर सांगता येणार नाही, हट्ट म्हणा.

ओतकाम म्हणजे धातूचं काम अशी माझी समजूत होती. तसं काही नाही. एवढ्या महिन्यांत वितळलेला धातू मी सगळा मिळून दोन-तीन तास पाहिला असेल, आणि प्रत्यक्ष ओतणं तर वीस सेकंदांचं. बाकी सगळा वेळ तुम्ही एक पोकळी बनवत असता, आणि धातू त्या पोकळीत जाऊन जे सापडेल ते दाखवतो, तुमच्या अंगठ्याचा ठसा राहिला असेल तर तोही.

तर क्रम असा. मातीच्या बगळ्यावर सिलिकॉन रबराचे ब्रशने चार थर, त्याच्यावर प्लास्टरचं कडक कवच दोन भागात, म्हणजे मऊ रबर आतल्या आत हलत नाही. मग माती काढून टाकली आणि रिकाम्या रबरात गरम मेण ओतलं, फिरवलं, उरलेलं परत ओतून काढलं, थंड झाल्यावर पुन्हा तेच. असं तीन-चारदा केलं की आतून ४-५ मिलिमीटरची मेणाची भिंत तयार होते आणि पुतळा पोकळ राहतो. पोकळ फक्त वजन वाचवायला नाही बरं का. धातू गोठताना आकसतो, आणि एका ठिकाणी जाड गोळा नि शेजारी पातळ पत्रा असेल तर पातळ भाग आधी गोठतो, जाड भागाला मग कुठून धातू मिळत नाही आणि तिथे खड्डा पडतो किंवा आत स्पंजासारखी भोकं राहतात. म्हणून भिंत सगळीकडे सारखी. माझा पाय मात्र भरीव, कारण ६ मिलिमीटरच्या काडीत पोकळ काय करणार.

मेणाचा बगळा हातात आला की त्याची डागडुजी. रबराच्या जोडाची रेघ खरवडायची, बुडबुडे भरायचे. हा टप्पा मला सगळ्यात आवडला आणि इथेच जीव ओतावा असं माझं मत आहे, कारण मेणातली चूक गरम सुरीने दहा सेकंदात जाते, तीच ब्राँझमध्ये गेली की अर्धा दिवस कानस घासत बसा.

मग मेणाच्याच कांड्या जोडायच्या. वर एक पेला, त्यातून खाली येणारी जाड वाट, तिच्यातून अंगात शिरणाऱ्या छोट्या वाटा, आणि हवा बाहेर जायला बारीक नळ्या. नळ्यांचं झाड दिसतं ते, बगळा मधे अडकलेला. धातू आत येतो तेव्हा आतली हवा कुठेतरी जायला हवी ना, नाहीतर ती कोपऱ्यात दबून बसते आणि धातूला येऊच देत नाही. मी पायाच्या टोकाला हवेची नळी लावली होती, पण नंतर दुसरीच कांडी जोडताना ती धक्का लागून तुटली आणि मला वाटलं एवढीशी तर आहे, राहू दे. हो, तेच.

याच वेळी मेणाचं वजन करून घ्यायचं, कांड्यांसकट. ब्राँझ मेणाच्या साधारण नऊपट जड. माझं झाड भरलं ७०० ग्रॅम, म्हणजे सव्वासहा-साडेसहा किलो धातू, वर थोडा जास्त धरायचा, कारण ओतताना मधे संपला तर तो साचा गेलाच. परत वितळवून वरून भर घालता येत नाही, आधीचा थर गोठलेला असतो आणि दोन्हीच्या मधे फट राहते.

साचा दोन तऱ्हेने करतात. एक म्हणजे प्लास्टर आणि वाळूच्या मिश्रणाचा ठोकळा, तो हळूहळू तापवत सहाशे-सातशे डिग्रीपर्यंत न्यायचा, त्यात दिवस-दीड दिवस जातो. दुसरी तऱ्हा सिरॅमिक कवचाची, आम्ही ती केली. पाण्यासारख्या बाइंडरमध्ये (पूड धरून ठेवणाऱ्या द्रवात) अगदी बारीक सिरॅमिक पूड कालवलेली असते, त्या घोळात झाड बुडवायचं, निथळू द्यायचं आणि वर बारीक दाण्यांचा शिडकावा करायचा. सुकू द्यायचं. पुन्हा बुडवायचं. आठ थर झाले माझे, पहिले दोन बारीक दाण्यांचे कारण तपशील तेच पकडतात, नंतरचे जाड. मेण तेलकट असलं तर पहिला थर धरतच नाही, पाण्यासारखा ओघळतो, म्हणून आधी स्पिरिटने पुसायचं. पोटाला मी मेणातच एक खिडकी कापून ठेवली होती, तिथून घोळ आतही शिरतो आणि आतल्या पोकळीचा गाभा पण कवचाबरोबरच तयार होतो. कापलेला तुकडा वेगळा ओतायचा आणि शेवटी वेल्डिंगने बसवायचा.

एक गंमत सांगते. मला घाई म्हणून मी पहिल्या थरावर जोरात पंखा लावला. काका ओरडले. पाणी उडताना मेण गार होतं आणि आकसतं, वाळून झालं की परत खोलीच्या तापमानाला येऊन फुगतं, आणि त्या फुगण्याने ओला-कच्चा थर तडकतो. पंखा बंद, पुढचे दहा दिवस नुसतं वाट बघणं.

मेण काढायचं ते मात्र एकदम, हळूहळू नाही. तापलं की मेण कवचापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, सावकाश तापवलं तर आतूनच कवच फोडेल. म्हणून कवच थेट ९०० च्या आसपास तापलेल्या भट्टीत पेला खाली करून ठेवायचं, भिंतीला लागून असलेलं मेण आधी वितळून वाहून जातं आणि आतल्या मेणाला फुगायला जागा मिळते. माझं मेण धो धो बाहेर आलं, ज्वाळा, धूर, आणि दहा मिनिटांत मी ज्याच्यावर आठवडे घालवले तो बगळा नव्हताच. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात, पोळ्यातला मध काढून घेतल्यावर उरलेलं उष्टं, आणि या पद्धतीला मधूच्छिष्टविधान. मोहेंजोदडोची ती १९२६ साली सापडलेली नर्तकी, अवघी १०.५ सेंटिमीटरची, ती याच पद्धतीने ओतलेली. योगायोग म्हणजे तिचीही पावलं नाहीत. तिची तुटलीत, माझ्या बगळ्याला मिळालीच नाहीत.

ओतायचा दिवस. धातू सिलिकॉन ब्राँझ, तांबं ९५ टक्के, सिलिकॉन ४, मँगनीज १. जुनं ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, कथील दहा टक्क्यांच्या आसपास. सिलिकॉनवालं वेल्डिंगला बरं पडतं आणि चांगलं वाहतं म्हणून मूर्तिकार ते जास्त वापरतात. तांबं एकटं १०८५ डिग्रीला वितळतं, मिसळ केली की त्याच्या आधीच. ओतायचं मात्र ११०० च्या वर नेऊन, कारण मूस (धातू वितळवायचं भांडं) भट्टीतून बाहेर आली की प्रत्येक सेकंदाला धातू गार होत असतो.

अंगावर चामड्याचा एप्रन, तोंडावर शील्ड, आत सुती कपडे, नायलॉन अजिबात नाही कारण ते वितळून कातडीला चिकटतं. बुटांना नाडी नको. जमिनीवर कोरडी वाळू, कारण सिमेंटच्या फरशीत मुरलेलं पाणी असतं, वर वितळलेला धातू सांडला तर फरशी फुटून उडते. ओलावा हा इथला खरा शत्रू, थेंबभर पाण्याची वाफ सोळाशे-सतराशेपट जागा मागते. मळी काढायचा झारा सुद्धा आधी तापवायचा, मुशीत टाकायचे धातूचे तुकडे पण.

आणि इथे मी माती खाल्ली. कवच भट्टीतून लाल असताना काढून वाळूच्या पेटीत उभं करायचं आणि लगेच ओतायचं. मी ते उभं केलं, मग वाटलं जरा तिरपं आहे, मग वाळू दाबली, मग परत बघितलं, मग वाटलं पेल्यात कचरा गेलाय का. काका मूस धरून उभे. "अगं ओतू का आता?" लाल कवच तोवर करडं झालं होतं. ओतलं. पेला भरला, एका नळीतून धातू वर डोकावला, सगळे खुश. पायाच्या टोकाला नळी नव्हतीच, तिथे काय चाललंय ते सांगणार कोण.

गार कवच, पातळ पाय, दबलेली हवा आणि ओतायच्या पेल्यापासून सगळ्यात लांबचं टोक. चारही एकत्र. नंतर वाचलं की सेलिनी या सोळाव्या शतकातल्या इटालियन शिल्पकाराने पर्सियस (ग्रीक कथेतला वीर) ओतला तेव्हा त्याचाही धातू गोठायला लागला होता, घरातली कथलाची भांडी ताटं सगळी आत टाकली त्याने, कथलाने धातू पातळ होतो म्हणून, आणि तरी उजव्या पावलाची बोटं आलीच नाहीत. पाऊल येणार नाही हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं असं तो लिहितो. १५५४ पासून फ्लॉरेन्सच्या चौकात उभाय तो पुतळा, पाऊल नंतर दुरुस्त केलेलं. मला खूप बरं वाटलं हे वाचून.

दुसऱ्या खेपेच्या आधी हात बसावा म्हणून अॅल्युमिनियम ओतून पाहिलं. ६६० ला वितळतं, सोपं वाटतं, पण उजेडात ते लाल दिसत नाही, नुसतं चांदीसारखं, म्हणून भीती वाटत नाही आणि तेच धोक्याचं. शिवाय हलकं, स्वतःच्या वजनाने बारीक जागेत घुसायला ब्राँझइतका जोर नाही, आणि वितळलेलं असताना हायड्रोजन शोषतं तो गोठताना बुडबुडे करतो. माझा नमुना चीजसारखा निघाला. पितळेचं भंगार वापरू का विचारलं तर काकांनी साफ नाही म्हणलं, त्यात जस्त असतं, ते ९०७ डिग्रीला उकळतं, पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. त्यांना आलेला एकदा.

दुसऱ्या वेळी पाय वेगळा. हट्ट सोडला. पाय ७ मिलिमीटर केला, वाटेच्या अगदी जवळ तिरपा ठेवला, खालून धातू आत आणि दुसऱ्या टोकाला हवेची नळी, ती तीनदा हलवून बघितली. पहिला बगळा करवतीने कापून त्याच मुशीत टाकला, चोचीचा तुकडा बराच वेळ वर दिसत होता. यावेळी कवच बाहेर आलं तेव्हा मी हात मागे बांधून उभी राहिले. दहा सेकंदांत ओतायला सुरुवात. सगळ्या नळ्या भरल्या.

त्यानंतरचं फोडणं, कापणं, घासणं याचं फार कौतुक नाही, आवाज आणि धूळ. वेल्डिंगची सळई त्याच मिश्रणाची घ्या एवढंच सांगेन, नाहीतर नंतर रंग चढवताना जोड वेगळ्या रंगाचा दिसतो. जोडावर मी छोट्या छिन्नीने आजूबाजूसारख्या रेघा मारल्या. सगळं मोजलं तर बगळा २९.५ सेंटिमीटर भरला, अर्धा सेंटिमीटर आकसण्यात गेला.

रंगाला दोन दिवस. टॉर्चने अंग तापवायचं, पाण्याचा थेंब पडल्या पडल्या चुर्र होऊन उडाला की ब्रशने फेरिक नायट्रेट, त्याने तांबूस तपकिरी येतो, पंखांच्या खाचांत कॉपर नायट्रेटचा हिरवा. पहिल्यांदा जास्त तापलं आणि मान काळी पडली, सगळं घासून परत. शेवटी कोमट असतानाच मेण चोळलं. परत मेणच.

काकांनी उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात तिरपा केला, पोटाखाली बोट फिरवलं आणि म्हणाले, "जोड इथे आहे." बरोब्बर तिथेच होता.