तुम्ही विचारलेत म्हणून: दादा गेल्यानंतरही मी का चालते

सकाळी पणजीत मळ्यातल्या मारुतीकडून पायऱ्यांनी मी आल्तिनोच्या टेकडीवर जाते, तेव्हा ओळखीचे कोणी ना कोणी भेटते आणि कुशल विचारून झाले, की तोच प्रश्न येतो. दादा तर रोज कांपालहून मिरामारपर्यंत चालत होता, त्याचे काय झाले? मग दारात स्कूटर असताना तू अजून हा चढ का चढतेस? कोणी हे मायेने विचारते, कोणी जिंकल्यासारखे. दादाला जाऊन सहा वर्षे झाली. इतकी वर्षे जत्रेत, लग्नाच्या मांडवात मी विषय बदलत आले. पण माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही ‘चालून काही उपयोग नाही’ असा लावला आहे आणि तो मला सहन होत नाही.

दादा असताना मीही असेच ठाम बोलत होते, फक्त दुसऱ्या टोकाने. शाळेत गणित शिकवताना, पंचेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचल्यावर मला फळ्याकडे तोंड करून श्वास सावरावा लागे, म्हणून मी चालायला लागले. वर्षभरात तो त्रास गेला आणि विसावलेली नाडी ब्याऐंशीवरून अडुसष्टावर आली. हृदयाचा स्नायू बळकट होऊन एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागला, की तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात, हे मी स्वतःच्या मनगटावर मोजले. त्यानंतर भेटेल त्याला मी सांगत सुटले, की रोज चालणाऱ्याच्या वाटेला हृदयविकार जात नाही. हे वाक्य मी अनेकदा बोलले आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते माझ्याच तोंडून ऐकले असेल.

आता जे मी कोणालाच सांगितलेले नाही, ते सांगते. श्रावणातला रविवार होता. आमच्या भाटातले, म्हणजे माडांच्या बागेतले, नारळ घेऊन दादा माझ्याकडे आला, स्कूटर खाली ठेवून पायऱ्या चढू लागला, आणि मी त्याला घ्यायला खाली उतरत होते, तेव्हा अर्ध्या वाटेवरच्या वळणावर तो थांबलेला मला दिसला. पिशवी त्याने शेवाळलेल्या पायरीवर टेकवली होती आणि तळवा छातीच्या मधोमध दाबून धरला होता. तो म्हणाला, की महिनाभर चढाला इथे आवळल्यासारखे होते, थांबले की दोन मिनिटांत जाते, सपाटीवर मात्र काहीच होत नाही. मी म्हणाले, “तू सपाटीवर गप्पा मारत चालतोस, म्हणून चढाला दम लागतो. पंधरा दिवस माझ्याबरोबर चढ, सुटेल.” पिशवी मी उचलली आणि पुढे झाले. वर चहा पिताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: रोज चालतो म्हणून रक्तदाबाची गोळी त्याने चार महिन्यांपूर्वी आपणहून सोडली होती. ते ऐकून मला अभिमान वाटला, हेही लिहायलाच हवे.

सात दिवस तो माझ्याबरोबर चढला आणि सातही दिवस त्याच वळणावर थांबला. मी घड्याळ लावून सांगत असे, काल तीन मिनिटे लागली, आज अडीच लागली, बघ सुधारणा आहे. तो लहान मुलासारखा खूश होई. आठव्या दिवशी पहाटे वहिनींचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळे संपले होते. त्या वर्षी घरात सुतक होते, चतुर्थी झाली नाही.

पुढे एका डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी आतून अरुंद झालेली असेल, तर सपाटीवरच्या चालीपुरते रक्त तिच्यातून जाते. चढाला हृदयाची मागणी वाढते, पुरवठा वाढत नाही, आणि स्नायू तक्रार करतो. थांबले की मागणी उतरते आणि दुखणे जाते. यालाच अंजायना म्हणतात आणि ते नव्याने सुरू झाले असेल, तर व्यायाम वाढवायचा नसतो, तपासणी होईपर्यंत थांबवायचा असतो. दादाच्या मिरामारच्या फेरीने काही लपवले नव्हते. माझ्या पायऱ्यांनी तर ते सात वेळा दाखवले आणि मी त्याचा हिशेब सुधारणेच्या खात्यात मांडला.

यानंतर वर्षभर मी चालले नाही. त्या वर्षी तुमच्यापैकी कोणी काही विचारले नाही, कारण तेव्हाची मी तुमच्यासारखीच बोलत होते. नाडी पुन्हा अठ्याहत्तरच्या पुढे गेली, बाजारातून येताना थांबावे लागू लागले आणि झोप बिघडली. तेव्हा कुठे मी मुळापासून वाचायला बसले. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना करून 1953 साली लिहिले, की दिवसभर दुमजली गाडीचे जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला आणि झालाच तर तो कमी घातक होता. आम्हा दोन्ही बाजूंनी इथल्या ‘कमी’ या शब्दाकडे पाहिलेच नव्हते. वाहकही आजारी पडत होते, मरतही होते. शिवाय मॉरिस यांनीच 1956 साली गणवेशांची मापे तपासून दाखवले, की चालकांच्या कंबरा वाहकांपेक्षा मोठ्या होत्या आणि हा फरक कामाच्या पहिल्या वर्षांपासूनच दिसत होता, म्हणजे सगळे श्रेय जिन्यांना देता येणार नाही. स्वतःच्याच निष्कर्षाला अशी कात्री लावणारा माणूस पाहून मला माझ्या ठामपणाची लाज वाटली. एकट्या दादावरून तुमचेही म्हणणे सिद्ध होत नाही आणि माझेही. चालला नसता तर तो पाच वर्षे आधी गेला असता का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून मी चालते, पण वेगळ्या समजुतीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि तो सलग दहा मिनिटे तरी झालाच पाहिजे ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे. माझ्यासारखीला हे फार सोयीचे आहे. बाजारात पायी जाणे मोजले जाते, कचेरीतला जिना मोजला जातो, जून ते सप्टेंबर घराबाहेर पडवत नाही तेव्हा इमारतीचे चार मजले चढणे मोजले जाते. चालताना वाक्य बोलता यावे, पण आरती म्हणता येऊ नये, एवढा वेग मी धरते. त्याच्या जोडीला रक्तदाबाची गोळी रोज घेते. मला ती 54 व्या वर्षी सुरू झाली. इतके चालूनही गोळी लागली, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगून टाकते.

पहिल्यासारखे कोणालाही ‘चढ, सुटेल’ असे मी म्हणत नाही. तुम्ही छातीचे, जबड्याचे किंवा डाव्या हाताचे काही सांगितलेत, तर मी वाट अडवून तुम्हाला खाली डॉक्टरांकडे घेऊन जाईन आणि तुमचा राग पत्करीन.

वहिनींनी मला हा प्रश्न कधीच विचारला नाही. त्यांनी एकदाच, वर्षश्राद्धाच्या दिवशी, वेगळे विचारले होते: पायऱ्यांवर तो काही म्हणाला होता का? मी ‘नाही’ म्हणाले. हे लिहिलेले उद्या मी आधी त्यांच्याकडे नेऊन देणार आहे. आणि ज्या तपासणीसाठी मी तुम्हाला हात धरून नेईन म्हणते, ती स्वतःची ताणचाचणी, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती, मी गेले चौदा महिने पुढे ढकलत आले आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली आहे, ती कपाटात आहे, आणि रोज सकाळी त्या कपाटातूनच मी चालायचे बूट काढते.