मसाई पठार, धुकं आणि जीपीएसचा बाण (फेरी तिसरी)

रविवारी पन्हाळ्यावरनं मसाई पठार करून आलो. सेकंडहँड ईट्रेक्स १० (हातात धरायचं जीपीएस यंत्र) घेतल्यापासनं ही तिसरी फेरी, पहिल्या दोन उन्हातल्या, तेव्हा ते खिशात असलं काय नसलं काय सारखंच होतं.

ह्या वेळी पठारावर चढलो आणि दहा मिनिटांत असलं धुकं आलं की पुढच्या दोस्ताची सॅक पण दिसंना. म्हटलं काढा आता यंत्र. मसाईच्या देवळाचा वेपॉइंट, म्हणजे त्या जागेचे अक्षांश-रेखांश, रात्री घरात बसून टाकलेला, तिकडची दिशा दाखवणारं गो टू दाबलं तर दाखवतंय ३५ किलोमीटर, ते पण दक्षिणेला! दोस्त म्हणतोय, "भावा, राधानगरीला न्यायलाईस काय?" चूक माझीच, कागदावर अक्षांश १६ अंश ४८ मिनिटं लिहिलेलं आणि मी दशांशात सरळ १६.४८ ठोकलं. ४८ ला ६० नं भागायचं की राव, १६.८ येतंय.

ते निस्तरलं तर बाण गरगर फिरायला लागला. ह्या मॉडेलात होकायंत्र नाही हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ तिथं उभं राहून कळला. आपण सरकलो तरच त्याला दिशा कळते, थांबलो की बाण काय वाट्टेल ते दाखवतो आणि आम्ही दोघं त्याच्याबरोबर जागेवर गोल फिरतोय. पंधरावीस पावलं सरळ चाललं की बरोबर येतो. पण धुक्यात पठारावर पंधरावीस पावलं कुठं टाकायची, कडा हाय की तिथं! शिवाय गो टू सरळ रेघ दाखवतो, मधला ओढा, कडा त्याच्या गावीच नाही. शेवटी देवळाचा नाद सोडला आणि चढताना रेकॉर्ड झालेला ट्रॅक धरून आलो तसं माघारी, साधंच, पण हेच कामाला आलं.

जेवायला अर्धा तास बसलो त्या जागी ट्रॅकवर कोंबडीनं उकरल्यागत रेघोट्या आल्यात, दोनचार मीटर इकडंतिकडं होतंच, पण ते पण अंतरात धरतंय. म्हणून आता बसलो की ट्रॅक बंद. आणि चार्जिंगचे सेल घातले तर सेटिंगमध्ये निमएच (NiMH, चार्जिंगच्या सेलचा प्रकार) निवडा, नाहीतर बॅटरीचा आकडा खोटा दिसतो.

पुढच्या महिन्यात पन्हाळा-पावनखिंड करायचंय. कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडीकडचा उन्हाळ्यात स्वतः चालून काढलेला ट्रॅक कुणाकडं असंल तर द्या, नकाशावर बोटानं ओढलेला नको.