तो पासवर्ड मीच ठेवला होता

मी बेळगावात केबल आणि नेटचं काम करतो, शहापूर, वडगाव, अनगोळ हा माझा भाग. गेल्या पावसाळ्यात खासबागमधनं एका काकूंचा फोन आला, "बाळा, बँकेचं पान उघडंना झालंय बघ, नुसतं लाल येतंय, येऊन बघ की जरा."

माग असलेलं घर, खाली चार यंत्रमाग आणि वर राहतात. काका साड्या घेऊन कोल्हापूर, इचलकरंजीला असतात, सगळा हिशोब, सुताचे पैसे, कामगारांचा पगार काकूच बघतात. कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट करून झालेला, दर खेपेला सातशे रुपये गेलेले, आणि तरी बँकेच्या साईटवर गेलं की तीच लाल वॉर्निंग. मलाही आधी व्हायरसच वाटला. पण माझा स्वतःचा फोन त्यांच्या वायफायला जोडला आणि बँकेचा पत्ता टाकला तर तिथंही लाल, मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडलं तर एकदम नीट. माझ्या फोनला तर कुठला व्हायरस नव्हता. पोटात गोळा आला, कारण आता संशय घ्यायला एकच वस्तू उरली होती, भिंतीवरचा राउटर.

राउटरच्या सेटिंगचं पान, १९२.१६८.१.१, उघडलं, नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन टाकलं आणि आत गेलो. डीएनएसच्या रकान्यात दोन नंबर होते, दोन्ही आमचे नव्हते आणि कुठल्या ओळखीच्या सर्व्हरचेही नव्हते.

डीएनएस म्हणजे काय ते काकूंना सांगताना मी म्हटलं, समजा परगावचा माणूस खडेबाजारात उतरला आणि पानवाल्याला बँक कुठं आहे म्हणून विचारलं, तर तो दाखवेल तिकडंच जाणार ना, आणि तो पानवालाच चोरांना सामील असला तर? राउटर घरातल्या प्रत्येक फोनला, कॉम्प्युटरला सांगतो की पत्ते ह्या माणसाला विचारा, आणि कुणीतरी बाहेरनं येऊन तो माणूसच बदलला होता. त्यामुळं कॉम्प्युटर कितीदा फॉरमॅट केला तरी काय फरक पडणार, वायफायला जोडला की परत तोच खोटा पत्ता. लाल पान येत होतं कारण पत्ता फिरवता आला तरी बँकेचं सर्टिफिकेट, म्हणजे साईटचं ओळखपत्र, चोराकडं नसतंय, ब्राउझर ते तपासतो आणि अडवतो. त्या वॉर्निंगवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं. काकूंना इंग्रजी वाचता येत नाही, पण त्या म्हणाल्या, "लाल दिसलं, मी हात काढला बघ, पोरगं म्हणत होतं पुढं जा म्हणून दाबूया, मी दाबू दिलं नाही." त्या एका नाहीमुळं पैसे वाचले, मी हे मनापासून सांगतोय.

आता हे झालं कसं. काकांना बाहेरगावनं मोबाईलवर माग दिसायला पाहिजे होते म्हणून कॅमेऱ्यांसाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा न बदलणारा स्वतःचा पत्ता, घेतलेला. आपल्याकडं घरगुती कनेक्शनमध्ये बहुतेक वेळा अनेक घरं मिळून एकाच पब्लिक आयपीमागं असतात, बाहेरच्याला सरळ एका घराच्या राउटरपर्यंत पोचणं अवघड जातंय. स्टॅटिक आयपी घेतला की मात्र घराचं दार थेट हमरस्त्यावर. आणि त्या राउटरमध्ये रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरनं सेटिंग बदलायची सोय, चालू होतं, पासवर्ड डब्यातनं आला तसाच.

ते कनेक्शन मीच दिलेलं. चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, दिवसाला सहा-सात घरं करत होतो, परत परत यायला नको, घरी बसून सेटिंग करता येईल म्हणून रिमोट मीच चालू केलं आणि पासवर्ड बदलायचं राहून गेलं. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), राउटर ताब्यात घेतले ते अशाच साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघत. हे मी वाचलेलं होतं. तरी.

मी सांगितलं, काकू, हे माझ्यामुळं झालंय. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, खाली मागांची खटखट चालू होती, मग म्हणाल्या, "आता नीट कर की. आणि चहा घे आधी."

दोन तास बसलो. मागच्या भोकात टाचणी धरून फॅक्टरी रिसेट, मग नवीन फर्मवेअर (राउटरच्या आतला प्रोग्रॅम), नुसता डीएनएस बदलून भागत नाही कारण आत अजून काय काय फिरवलंय ते कुणास ठाऊक. पीपीपीओईचा, म्हणजे नेट कनेक्शनचा, युजरनेम पासवर्ड परत टाकला, रिमोट बंद, यूपीएनपी (आतल्या यंत्रांना आपणहून बाहेरचं दार उघडू देणारी सोय) बंद, डब्ल्यूपीएस बंद (ही पासवर्डऐवजी पिननं वायफायला जोडायची सोय, तो आठ आकड्यांचा पिन दोन तुकड्यात तपासला जातो, त्यामुळं जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, २०११ पासनं हे उघड आहे आणि तरी घरोघरी चालू). डीव्हीआरसाठी बाहेर उघडलेले पोर्ट, म्हणजे बाहेरनं आत यायची दारं, काढले आणि काका आता व्हीपीएननं, म्हणजे घरापर्यंतच्या कुलूपबंद वाटेनं, बघतात. मागावरच्या पोरांना वायफाय लागतं, त्यांना वेगळं गेस्ट नेटवर्क दिलं, त्यावरनं कॅमेरा आणि हिशोबाचा कॉम्प्युटर दिसत नाही. बँकेचा पासवर्ड मोबाईल डेटावरनं बदलायला लावला आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर कॅलेंडरवर लिहून दिला.

राउटरचा नवीन पासवर्ड काकूंनीच ठरवला, मागावरचे चार शब्द जोडून, आणि हिशोबाच्या वहीत लिहून कपाटात ठेवला. वहीत लिहू नका म्हणणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, हा चोर कपाट उघडायला येणारा नव्हता.

घरी येऊन माझी जुनी कनेक्शनची वही काढली. स्टॅटिक आयपीवाली ३१ घरं निघाली, रिमोट चालू ठेवलेलं किती ते आठवेना, म्हणून सगळीकडंच जायचं ठरवलं, पैसे न घेता. बावीस झाली. उद्या वडगावात तीन आहेत.